बांधावरचा अर्धा तास

दलित साहित्याच्या चर्चेत 'निसर्ग' हा शब्द आला की आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते. निसर्ग म्हणजे पळवाट, निसर्ग म्हणजे पोट भरलेल्यांचा विरंगुळा, असे एक समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. मीही ते अनेक वर्षे व्यासपीठावरून मांडले आहे. आज त्याचा फेरविचार करावासा वाटतो, आणि त्याला कारण झाली ती एक उत्तरपत्रिका.

मी जालना जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला मी 'निसर्गाच्या सान्निध्यात' या विषयावर निबंध लिहायला दिला. चाळीसेक निबंध आले. बहुतेकांत खळाळणारे झरे होते, हिरवीगार वनराई होती, कोकिळेचे कूजन होते, आणि शेवटी शहराच्या धकाधकीने थकलेले मन ताजेतवाने होऊन घरी परतत होते. लिहिणारी मुले परतूर, मंठा, जाफराबाद, भोकरदन तालुक्यांतली. ज्या कुंडलिकेच्या काठी जालना वसले आहे तिच्यात उन्हाळ्यात खळाळण्याइतके पाणी नसते. मग ही मुले कोणत्या झऱ्याकाठी बसली होती? गाइडातल्या झऱ्याकाठी.

एकच निबंध वेगळा होता. एका मुलीने लिहिले होते : "कापूस वेचायला आम्ही उजाडायच्या आत निघतो. पण दव पडलेले असले की मालक झाडाला हात लावू देत नाही. ओला कापूस वजनाला जास्त भरतो आणि मजुरी किलोवर असते. मग दव वाळेपर्यंत आम्ही बांधावर बसतो. अर्धा तास. तेवढ्यात सूर्य वर येतो. आई काही बोलत नाही. मला तेव्हा फार बरे वाटते." आणि खाली एक ओळ : "सर, हा निसर्ग नसेल तर मार्क कापावेत."

मी मार्क कापले. लाल शाईने 'विषयांतर' असे लिहून वीसपैकी सात दिले. हा लेख म्हणजे त्या सात गुणांची फेरतपासणी आहे.

१

निसर्गात गेले की मन शुद्ध होते, थकलेला आत्मा पुन्हा उभा राहतो, ही धारणा मराठी मनात खोल रुजलेली आहे. तिची एक मुळी संतपरंपरेत आहे. तुकोबा देहूजवळच्या भंडाऱ्याच्या आणि भामचंद्राच्या डोंगरावर एकांतासाठी जात. आमच्याच जिल्ह्यातल्या, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी जन्मलेले रामदास घर सोडून नाशिकजवळच्या टाकळीला नदीकाठी जाऊन राहिले, असे परंपरा सांगते. दुसरी मुळी इंग्रजी काव्याच्या वाचनातून आलेली आहे. या दोन्ही मुळ्या बालकवींच्या कवितेत एकत्र आल्या, आणि तेथून पुढे 'निसर्गकविता' हा मराठीत एक स्वतंत्र दर्जा असलेला प्रकार मानला गेला.

बालकवी मला आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. कारण एखाद्या कवीवर प्रश्न उपस्थित केला की आपण त्याला नाकारले, असा सोयीचा समज करून घेतला जातो. त्यांची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता मी दरवर्षी शिकवतो. तीत एक लहानसे गाव आहे, शेतमळे आहेत, पाऊलवाट आहे, आणि शेवटी काळ्या डोहाच्या पाण्यात पाय सोडून बसलेले एक झाड आहे. त्या झाडाच्या बसण्याचे अनेक अर्थ समीक्षकांनी लावले. कोणाला त्यात विरक्ती दिसली, कोणाला उदासी, कोणाला समाधी. पण असे बसण्याचा अधिकार या देशात कोणाला होता, हा प्रश्न त्या अर्थांच्या गर्दीत हरवून गेला.

बालकवी १९१८ साली गेले. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तळ्यातले पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीने पाणी बाटले म्हणून माणसे झोडपली गेली. तळे शुद्ध करून घेण्यात आले. आणि त्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयात मान्य व्हायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. झाडाने पाय सोडले तर डोह बाटत नव्हता, माणसाने ओंजळ भरली तर बाटत होता. यात बालकवींचा दोष नाही. दोष त्या समीक्षेचा, जिने 'औदुंबर' आणि चवदार तळे ही दोन पाणी कधी शेजारी ठेवून पाहिली नाहीत.

दुसरे उदाहरण घेऊ. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. महिन्यामहिन्याचा निसर्ग असा बारकाईने न्याहाळणारे पुस्तक मराठीत विरळा. ते वाचून डोळे धुतल्यासारखे होतात, हे मी मनापासून म्हणतो. पण १९५६ हे साल आपल्याला दुसऱ्याही एका कारणासाठी पाठ आहे. १४ ऑक्टोबरला नागपूरच्या मोकळ्या मैदानात लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली आणि ती नवी झाली. एकाच वर्षात मराठी भाषेला नवे होण्याचे दोन मार्ग सापडले. एक वाट झाडाकडे पाहण्याची, दुसरी माणसाने माणसाकडे ताठ मानेने पाहण्याची. अभ्यासक्रमात आपण पहिलीला 'सौंदर्यानुभव' म्हणतो आणि दुसरीला 'सामाजिक घटना'. दुसरीत आत्म्याचे नवे होणे नव्हते काय? माझ्या आजोबांना विचारले असते तर त्यांनी याचे उत्तर दिले असते.

आणि ना. धों. महानोर? अजिंठ्याच्या कुशीतल्या पळसखेड्याचा हा कवी १९६७ साली 'रानातल्या कविता' घेऊन आला, तेव्हा मराठी निसर्गकवितेला पहिल्यांदा मातीचा वास आला, असे म्हटले गेले. ते खरेही आहे. त्यांच्या रानात औत आहे, पेरणी आहे, घाम आहे. पण ते रान स्वतःचे आहे. सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याचे रानाशी असणारे नाते आणि रोजाने येणाऱ्या बाईचे नाते ही दोन वेगळी नाती होत. पावसाने दोघेही सुखावतात. पाऊस लांबला तर मात्र एकाचे पीक जाते, दुसरीची चूल त्याच दिवशी विझते.

२

वामन निंबाळकरांच्या १९७३ सालच्या संग्रहाचे नाव आहे 'गावकुसाबाहेरील कविता'. या नावात निसर्गलेखनाविषयीचा एक मोठा सिद्धांत दडलेला आहे, असे मला वाटते. प्रस्थापित लेखक मनःशांतीसाठी गावकूस ओलांडून बाहेर जातो. बाहेर गेल्यावर त्याला रान भेटते, ओढा भेटतो, चांदणे भेटते, आणि संध्याकाळी तो पुन्हा आत परततो. पण ज्याचा जन्मच कुसाबाहेर झाला त्याने कोठे जावे? त्याच्या दृष्टीने 'बाहेर' ही सहलीची जागा नव्हती, शिक्षेची जागा होती. ओढे तेथेच होते, मेलेले ढोर ओढून टाकण्याची जागाही तेथेच होती. चांदणे तेथेही पडत होते, पण त्या चांदण्यात येसकराला गस्त घालायची होती.

कुसाची ही गोष्ट जुनी आहे. जालन्याच्या सीमेला लागून असलेल्या देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणाराजा हे चोखोबांचे जन्मगाव मानले जाते. परंपरा सांगते की १३३८ साली मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गाडले गेले. ज्या भिंतीबाहेर ठेवले, तीच भिंत बांधायला लावली, आणि शेवटी तीच अंगावर आली. ज्यांच्या इतिहासात असे कुसू आहे, त्यांना 'चला, जरा गावाबाहेर मोकळ्या हवेत जाऊ' हे वाक्य सहजासहजी म्हणता येत नाही.

दया पवारांनी आपल्या १९७४ सालच्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिले, त्याचाही अर्थ येथे लागतो. मोकळे चरणारे जनावर दुसऱ्याच्या रानात शिरले की कोंडवाड्यात जाते. रान मोकळे दिसते, पण ते कोणासाठी तरी मोकळे असते. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) कोकणातल्या बाया लाकूडफाटा, गवताचे भारे डोक्यावर घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जातात. त्या डोंगराचे सौंदर्य त्या बायांना ठाऊक नव्हते काय? पण आधी तो डोंगर त्यांच्या तळपायांना ठाऊक होता. निसर्ग असाही कळतो. हे कळणे मराठी समीक्षेने 'निसर्गवर्णन' या सदरात कधी जमा केले नाही, 'दारिद्र्यवर्णन' या सदरात केले.

३

येथवर मी जे लिहिले ते आपल्या वाचकांना पटेल. आता जे लिहिणार आहे ते कदाचित पटणार नाही.

आपण या अन्यायाला उत्तर देताना एक चूक केली. त्यांचा निसर्ग नाकारताना आपण आपलाही निसर्ग टाकून दिला. खेड्याविषयी बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत जे कठोर उद्गार काढले ते अक्षरशः खरे होते, आणि आपण खेडे सोडले ते योग्यच केले. परंतु खेडे सोडताना जातीबरोबर लिंबाचे झाडही मागे राहिले. पाटलाच्या वाड्याबरोबर पहिल्या पावसाचा वासही आपण 'सरंजामी' ठरवला. आज माझ्या वसाहतीतल्या मुलांना बाबासाहेबांची बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, याचा मला अभिमान वाटतो. पण तरोटा, पाथरी, घोळ, कुर्डू या भाज्या ओळखणारी शेवटची व्यक्ती आमच्या घरात माझी आई आहे. हे ज्ञान तिला कोणी हौसेने दिले नाही, उपासमारीने दिले. म्हणून ते फेकून द्यावे काय? उपासमारीने शिकवलेले ज्ञानही आपलेच आहे.

आता एक गोष्ट कबूल करतो. आमच्या गावाशेजारी एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळी कामावर तो खोदला गेला. माझ्या आजीने तेथे खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. हिवाळ्यात त्या पाण्यावर पाखरे उतरतात. रविवारी गावी गेलो की मी एकटाच तेथे जाऊन बसतो. आठवडाभर साचलेली कडवटपणाची, अपमानाची पुटे तेथे हळूहळू सैल होतात. हे मी चळवळीतल्या मित्रांपासून लपवून ठेवले होते. 'सर बुर्झ्वा झाले' असे कोणी म्हणेल याची भीती होती. एकदा आईने विचारले, "काय करतोस रे तिथं जाऊन?" मी म्हणालो, "काही नाही, बसतो." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बस बाबा. तुझ्या आजीला तिथं कुणी बसू दिलं नाही."

या वाक्यात निसर्गानुभवाचा सगळा राजकीय अर्थ आहे. आजीने तो तलाव केला, पण ती त्याच्या काठी बसली नाही. बसण्याचा तो हक्क मला मिळाला तो पाखरांमुळे नव्हे. शिक्षणामुळे, आरक्षणामुळे, महिन्याच्या पगारामुळे. निसर्ग मन नवे करतो हे खोटे नाही. पण त्याच्याआधी कोणीतरी तुमच्या डोक्यावरची पाटी उतरवलेली असावी लागते.

४

आपल्या परंपरेत याचा आधार शोधायला दूर जावे लागत नाही. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून तो रानात गेला, ही पारंपरिक कथा. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला तंटा हे कारण मांडले. युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली. म्हणजे बाबासाहेबांचा बुद्ध निसर्गाच्या ओढीने रानात जात नाही. पाण्याच्या वाटपाचा न सुटलेला प्रश्न त्याला रानात नेतो. पुढे पिंपळाखाली जे गवसले ते घेऊन तो तेथेच बसून राहिला नाही. पंचेचाळीस वर्षे माणसांत फिरला.

'थेरगाथे'त सुनीत नावाच्या थेराची कथा आहे. नीच मानलेल्या कुळात जन्मलेला, सुकलेली फुले झाडून फेकण्याचे काम करणारा, लोकांनी तिरस्कारलेला हा माणूस. बुद्ध भिक्खूंसह येताना दिसले तेव्हा त्याने खांद्यावरचे ओझे खाली ठेवले आणि तो वंदनाला पुढे झाला. बुद्ध त्याच्यासाठी थांबले, त्यांनी त्याला संघात बोलावले. त्यानंतर सुनीत एकटा अरण्यात राहिला, आणि त्या अरण्यातल्या एका रात्री त्याचा अंधार फिटला. या कथेतील क्रम नीट पाहावा. आधी ओझे खाली आले. मग माणूस म्हणून हाक आली. मग अरण्य. हा क्रम उलटा करून 'अरण्यात जा, म्हणजे शांती मिळेल' असा उपदेश झाडूवाल्याला करणे ही क्रूर थट्टा आहे. पण 'ओझे उतरले, आता अरण्याची गरज काय' असे म्हणणेही सुनीताला अर्ध्यावर सोडणे आहे.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत तेथल्या दात्यांचे उल्लेख सापडतात. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याची रांग आहे, आणि त्याच रांगेत, वाघूर नदीच्या वळणावर, भिक्खूंनी पावसाळे काढलेली लेणी आहेत. डोंगर, ओढा आणि ध्यान यांचे नाते सांगायला आपल्याला कोणा परक्याकडे जायला नको. ही आपली मिरास आहे, आणि आपण ती 'पर्यटनस्थळ' म्हणून दुसऱ्यांच्या हवाली केली आहे.

ज्याला जगभर निसर्गसाधनेचा आद्य ग्रंथ मानतात ते थोरोचे 'वॉल्डन' (१८५४) दुर्गाबाईंनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने मराठीत आणले. थोरो ज्या जमिनीवर झोपडी बांधून राहिला ती त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. त्याच पुस्तकात त्या रानातल्या पूर्वीच्या रहिवाशांवर एक प्रकरण आहे. त्यात केटो, झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन ही काळी माणसे येतात. केटो एकेकाळचा गुलाम. ब्रिस्टरने लावलेली सफरचंदाची झाडे त्याच्यामागे उरलेली. गावाने ज्यांना चांगल्या जमिनीवर राहू दिले नाही ते या रानात राहिले आणि पुसले गेले. ज्या एकांतात थोरोला आत्मा सापडला तो एकांत त्यांच्या ओसाड पडलेल्या घरांवर उभा होता. थोरोने निदान त्यांची नावे लिहून ठेवली. आपल्या निसर्गलेखनात असे एक तरी प्रकरण आहे काय?

५

हा केवळ वाङ्मयीन वाद नव्हे. मराठवाड्यात गायरानाचा लढा तीन पिढ्यांचा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला, तरी कित्येकांच्या नावावर सातबारा चढलाच नाही. २०२२ साली उच्च न्यायालयात गायरानावरील अतिक्रमणांचा प्रश्न आला तेव्हा खेडोपाडी पुन्हा नोटिसा पोहोचल्या. खडकाळ पड जमीन दगड वेचून कसणाऱ्या माणसाला कायद्याच्या भाषेत 'अतिक्रमणधारक' म्हणतात. त्याच माळावर सूर्योदय पाहायला येणाऱ्याला 'निसर्गप्रेमी' म्हणतात. पहिल्याला माळावर उभे राहायला कागद दाखवावा लागतो, दुसऱ्याला नाही.

म्हणून निसर्गलेखनाची परीक्षा करताना मी यापुढे एक कसोटी लावणार आहे. या लेखनात बसलेले कोण आहे आणि वाकलेले कोण आहे? वाकलेला माणूस त्या चित्रातून पुसला असेल तर ते चित्र कितीही तरल असो, अपुरे आहे. आणि आपल्या बाजूच्या लेखनाला एक उलटी कसोटी : वाकलेल्या माणसाला क्षणभर तरी बसलेला आपण दाखवतो काय? की त्याचे दुःख शाबूत राहावे म्हणून त्याच्या वाट्याची सकाळही आपण कापून टाकतो? पी. ई. सोनकांबळे यांनी आपल्या पोरक्या, उपेक्षित बालपणाच्या आत्मकथनाला १९७९ साली 'आठवणींचे पक्षी' असे नाव दिले. इतके सोसलेल्या माणसाला नावासाठी पक्षीच का आठवावा, याचा विचार आपल्या समीक्षेने अजून केलेला नाही.

आता त्या निबंधाकडे परत येतो. दवाचे मोती मराठी कवितेने शेकड्यांनी वेचले. पण दव पडले म्हणजे मजुराला अर्ध्या तासाची सुटी मिळते, हे कोणत्या कवितेत आहे? मालकाने वजनाच्या हिशेबाने दिलेली ती सुटी. तिच्यात त्या मायलेकी बांधावर बसतात, सूर्य वर येतो, आई बोलत नाही, मुलीला बरे वाटते. 'फार बरे वाटते' या तीन साध्या शब्दांत ती मुलगी जे सांगून गेली ते सांगायला अध्यात्माला ग्रंथ लागतात. तो निसर्गच होता. तेथे मालक, मजुरी आणि वजनकाटा होता म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. उलट त्या सगळ्यांच्या मधोमध तो टिकून होता, म्हणून तो अधिक खरा. मी त्याला विषयांतर म्हटले, कारण गाइडातला झरा माझ्याही डोक्यात वाहत होता. पहिल्या पिढीचा पदवीधर पदवीबरोबर पुष्कळदा परीक्षकाचे डोळेही उसने घेतो.

मी त्या मुलीला बोलावून तो निबंध परत मागून घेतला. 'विषयांतर' खोडले, गुण बदलले आणि माझी चूक झाली असे वर्गासमोर सांगितले. ती म्हणाली, "सर, मला वाटलंच होतं, दव तुम्हाला माहीत नसेल." मला दव माहीत होते. लहानपणी तोच बांध, तीच थंडी, तोच अर्धा तास मीही अनुभवला होता. शिकता शिकता मी तो विसरलो होतो.

तो अर्धा तास मालकाच्या काट्यावर अवलंबून राहू नये, तो हक्काचा व्हावा, यासाठी चळवळ हवी. आणि तो मिळाल्यावर त्यात काय बरे वाटते हे लिहिता यावे, यासाठी साहित्य हवे. आपल्या विद्यार्थ्यांना आता निसर्गावर लिहायला सांगा. फक्त गाइड आधी काढून घ्या.